मरीआईचा गाडा

पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, ही चाल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दख्खनमधल्या अनेक गावांत होती. मरीआई ही पटकीची देवता. साथ तिच्या कोपाने येते आणि तिच्याच कृपेने जाते, असा समज होता. म्हणजे माणसे मरतात ती देवामुळे, हे या चालीत उघडच मान्य केलेले होते. तरी देवीला जाब कोणी विचारत नसे. पूजा चुकली, विटाळ झाला, नवस फेडायचा राहिला, अशी काहीतरी खोट गाव आपल्यातच शोधी आणि साडीचोळी करून देवीला वाटेला लावी.

दोष कोणाचा, हा प्रश्न शास्त्री-पंडितांनी वेगळ्या रीतीने सोडवला होता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात (२.१.३४) ईश्वरावरचे दोन आरोप विचारात घेतले आहेत, पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. कुठे साळ उगवते, कुठे जव, ते बियाण्याच्या गुणाने. सुखदुःखही तसेच ज्याच्या त्याच्या कर्माने. यात ईश्वर सुटतो खरा, पण दोष सोसणाऱ्याच्याच माथी बसतो, तोही आठवत नसलेल्या जन्मातला. कीर्तना-पुराणांतून गावाच्या कानांवर हे उत्तर पडलेले असे. घरात एकामागून एक माणसे पडू लागली की मात्र त्याचा आधार तोकडा पडे. कर्माचा भोग गाड्यावर घालून शिवेपलीकडे नेता येत नाही. देवी नेता येते.

पटकीला आजचा अवतार आला तो १८१७ च्या साथीपासून. बंगालमधल्या जेसोरच्या बाजूने ती पसरली आणि नोव्हेंबरात बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. तिथल्या लोकांनी कारणही ठरवले: हरदौल लाला या तिथल्या लोकदेवाच्या पवित्र राईत फौजेसाठी गाई मारल्या, म्हणून तो कोपला. पुढच्याच वर्षी साथ मुंबईला पोचली. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत मरावा, असा हा रोग. तो पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४ साली दाखवले आणि रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात त्याच्या जंतूचा छडा लावला. गावाची विहीर मात्र पुढेही बरीच वर्षे संशयाबाहेरच राहिली.

गाड्याचा विधी साधारण असा. छोटा लाकडी गाडा करायचा, त्यावर शेंदूर फासलेली मूर्ती बसवायची. हिरवे लुगडे, खण, बांगड्या, लिंबे, नारळ आणि दहीभात ठेवायचा. कोंबडा किंवा बकरा कापायचा. मोठ्या साथीत रेडा. हलगी वाजवत मिरवणूक शिवेपर्यंत जाई, गाडा पलीकडे ढकलला जाई आणि मंडळी माघारी फिरत. पलीकडचे गावही तेच करी. आर. ई. एन्थोवेन यांच्या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवरील ग्रंथात रोग असा पुढच्या गावाला पोचवण्याच्या चालींची नोंद आहे. गाड्याबरोबर जाणाऱ्यांच्या अंगातून रोगही शीव ओलांडत असण्याचा संभव होता, ही त्यातली क्रूर गंमत.

या देवीची चाकरी पोतराजाकडे असे. मोकळे सोडलेले केस, कमरेला रंगीत खणांचा घागरा, पायांत घुंगरू, हातात आसूड. सोबत डोक्यावर देव्हारा घेतलेली बायको. स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढून तो सगळ्या गावाच्या वतीने देवीला शांत करी. पोतराज बहुधा मांग किंवा महार समाजातला असे. कित्येकदा लहानपणीच नवसाने देवीला सोडलेला. मरीआईचे ठाणेही गावकुसाबाहेरच. कोप सगळ्या गावावर होता, फटके मात्र ठरलेल्या पाठीवर पडत. देव दोषी की माणूस, या वादापेक्षा ही वाटणी जास्त बोलकी आहे.

देवी या फोडांच्या रोगात भाव निराळा होता. तिथे रोग्याच्या अंगात देवीच आली असे मानत. घरात फोडणी देत नसत, कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवत आणि औषध देणे हा देवीचा अपमान ठरे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. १८८० मध्ये लसीकरणाचा कायदा आला. तरी लस टोचणाऱ्याला पाहून आया मुले लपवत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उतरला तेव्हा मात्र देवाआधी सरकारवर रोष गेला. घरझडत्या आणि सक्तीने इस्पितळात नेणे लोकांना रोगाइतकेच भयंकर वाटले. पुण्यात या रोषाचा शेवट २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला.

मरीआईवरचा उघड हल्ला आला तो तिची चाकरी करणाऱ्यांकडूनच. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची असली कामे सोडायला सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी देव्हाऱ्यातले देव पाण्यात सोडले, पोतराजांनी केस कापले. साथींचे म्हणाल, तर लस, नळाचे पाणी आणि मीठ-साखरेच्या द्रावणाने त्यांचा जोर मोडला. १९७७ साली भारत देवीच्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मरीआईची ठाणी मात्र अजून आहेत. आखाडात मंगळवारी, शुक्रवारी तिथे नैवेद्य जातो, काही गावांत गाडाही निघतो. पण आता त्याला साथ लागत नाही, पंचांगातला महिना पुरतो.