आणेवारीतला आणा

मागच्या बैठकीत बचत गटाची वही तपासून झाली आणि एक बाई समाधानानं म्हणाली, "पै न पै जुळली." आम्ही सहज विचारलं, पै कुणी पाहिलीय का? कुणीच नाही. सर्वांत थोरल्या आजी म्हणाल्या, "ढब्बू पैसा पाहिलाय गं, पै नाही."

जुन्या रुपयाचे आणे सोळा. एका आण्याचे पैसे चार आणि पै बारा. म्हणजे रुपयात १९२ पै. वाण्याच्या वहीत रुपये, आणे, पै असे तीन रकाने असत. ‘सोळा आणे खरं’ म्हणजे पुरा रुपया, त्यात काही कमी नाही.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आठ आण्याचे नेमके पन्नास, चार आण्याचे पंचवीस, म्हणून ही दोन नावं पुढंही चालली. एका आण्याचे मात्र सव्वासहा पैसे! तो आणा बाजारातून गेलाच. पंचवीस पैशांचं नाणंही २०११ साली बंद झालं. आता ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ म्हटलं की नातवंडं हसतात, पण मसाला कोंबडीच्या तिप्पट, हे सांगावं लागतं.

कवडीचंही तसंच. ती मालदीवच्या समुद्रातून जहाजांनी यायची आणि बारीकसारीक खरेदीला खरंच चालायची. आज कांदा कवडीमोल गेला म्हणतो, तेव्हा फुकट गेला असंच आपल्याला म्हणायचं असतं.

हे सगळं गमतीचं. पण एक शब्द गमतीचा नाही : आणेवारी. पीक रुपयात किती आणे आलं, हे सांगायची ही जुनी रीत. कागदावर तिची आता ‘पैसेवारी’ झालीय, तोंडी अजून आणेवारीच. पन्नास पैशांच्या आत म्हणजे पीक निम्म्याहून कमी. दुष्काळी सवलतींची चर्चा या आकड्यापाशी येते.

एका वर्षी आमच्या गावच्या फळ्यावर आकडा लागला, पन्नासच्या वर. आम्हाला वाटलं, कसला तरी भाव असेल. वाचलं आणि पाण्याला गेलो. शिवारात तर तूर वाळून काड्या झाल्या होत्या. त्या आकड्यावर हरकत घेता येते, हे कळलं तेव्हा मुदत टळून गेली होती.

आता खरिपाचा आकडा लागायचे दिवस आलेत. यंदा आम्ही पाचजणी वही-पेन घेऊन फळ्यापाशी जाणार आहोत. आजीही येते म्हणाल्यात.