विसाव्याचा कायदा : यवतमाळच्या रस्त्यांवरील मालवाहतूक
१/८
ट्रकचालकाने रस्त्यावर संयमाने व सौजन्याने वागावे, असे सारेच सांगतात. पण थकलेल्या माणसाकडून संयमाची अपेक्षा कितपत ठेवावी? हा प्रश्न कायद्यापुढेही उभा राहिला होता. यवतमाळ जिल्ह्याच्या मालवाहतुकीतून त्याचा घेतलेला हा मागोवा. #धागा

२/८
मोटारी येण्यापूर्वी या भागात माल बैलांच्या पाठीवरून जाई. बंजारा समाजाचे तांडे धान्य आणि मीठ लादून दूरदूरच्या बाजारांत नेत. मुक्काम तांड्याचा नायक ठरवी. बैलांना चारा-पाणी व विसावा मिळाल्याखेरीज पुढची मजल होत नसे.

३/८
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापसाच्या ओढीने यवतमाळ–मूर्तिजापूर हा अरुंदमापी लोहमार्ग झाला; हीच पुढे 'शकुंतला' म्हणून प्रसिद्ध झाली. त्यानंतर मोटारी वाढल्या. देशभर रस्ता विरुद्ध रेल्वे अशी स्पर्धा पेटली. मिचेल-किर्कनेस अहवालाने (१९३३) तिची चिकित्सा केली.

४/८
पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यात चालकाच्या तासांवर मर्यादा होती : सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास, आठवड्याला चोपन्न. विशेष म्हणजे हे कलम मालकाला उद्देशून होते. यापेक्षा अधिक वेळ चालकाकडून गाडी चालवून घेऊ नये, असा त्याचा आशय होता.

५/८
१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ही मर्यादा सर्वसाधारणपणे दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर आणली. मात्र तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. एक-दोन ट्रकांचे मालक त्यातून सुटले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तेच तास सर्व परिवहन वाहनांच्या चालकांना लागू करून ही फट कागदावर बुजवली.

६/८
प्रत्यक्षात तास मोजणार कोण? पांढरकवडा, पाटणबोरीमार्गे तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ (पूर्वीचा ७) उत्तर-दक्षिण वाहतुकीचा कणा आहे. त्यात वणी परिसरातील कोळसा आणि हंगामातील कापसाच्या गाड्यांची भर पडते. भाडे खेपेवर ठरले की थांबलेला प्रत्येक तास तोट्याचा वाटू लागतो.

७/८
चालकाला उद्देशून नियम मात्र वाढत गेले. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्राने ट्रकांमागील 'हॉर्न ओके प्लीज' या अक्षरांवर बंदी घातली. ही अक्षरे विनाकारण हॉर्न वाजवण्यास चिथावतात, हे त्यामागचे कारण. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी मार्गिका, अंतर, ओव्हरटेक यांचे नियम नव्याने मांडले.

८/८
नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये २०२५ मध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. विदर्भाचा उन्हाळा सोसणाऱ्या चालकासाठी ही चैन नव्हे. ओव्हरटेक करताना धीर धरणे, समोरच्यासाठी डिपर देणे, गावातून जाताना वेग आवरणे यांसाठी ताजे डोळे लागतात. तांड्याचा नायक बैलांसाठी जे जाणत होता, ते माणसासाठी कायद्यात यायला १९३९ साल उजाडले. रस्त्यावर ते अजून पुरते उतरायचे आहे.

#इतिहास #यवतमाळ #विदर्भ