उलट्या बाटल्यांचं टेबल

शॅम्पेनमध्ये फसफस आणि गाळ एकाच क्रियेतून जन्मतात. बंद बाटलीत वाइन दुसऱ्यांदा आंबते. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं आणि काम संपलं की मरून तळाशी बसतं. हा गाळ काढायचा तर बूच उघडावं लागतं, आणि बूच उघडलं की ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो वायूच निघून जातो. जुने कारागीर वाइन एका बाटलीतून दुसरीत ओतून घेत. त्यात वाइन सांडे, फसफसही मंदावे.

फ्रान्समधल्या रॅंस शहरात फिलिप क्लिको यांनी १७७२ मध्ये वाइनचा व्यवसाय सुरू केला. मुलगा फ्रान्स्वा १८०५ मध्ये वारला. तेव्हा सून बार्ब-निकोल २७ वर्षांची होती, पदरात एक लहान मुलगी. व्यवसाय गुंडाळायच्या बेतात असलेल्या सासऱ्यांनी अखेर सुनेवर भरवसा ठेवून पैसा लावला. तिच्या कर्तृत्वाइतकाच हा निर्णयही मला मोठा वाटतो. त्या वेळच्या कायद्यानं विवाहितेला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यापार करता येत नसे, विधवेला येई.

१८१४ मध्ये नेपोलियनच्या युद्धांमुळं लागलेली नाकेबंदी पुरती उठण्याआधीच तिनं १०,५५० बाटल्यांचं जहाज रशियाच्या वाटेला लावलं. तिथं माल हातोहात खपला, मागणी वाढली, आणि गाळ काढण्याची संथ पद्धत आड येऊ लागली.

घराण्यात सांगतात ते असं: १८१६ च्या सुमारास तिनं घरातलं एक टेबल तळघरात नेलं, फळीला भोकं पाडून घेतली आणि बाटल्या मान खाली करून त्यांत खोचल्या. रोज प्रत्येक बाटली हलका झटका देऊन थोडी फिरवायची. तळघराचा प्रमुख आंतुआन म्युलर यानं पुढं भोकं तिरकी कापली. खरं शहाणपण त्या तिरकेपणात आहे. बाटली आधी जवळजवळ आडवी असते आणि दिवसागणिक उभी होत जाते. गाळातले जड कण बारीक धुळीला आपल्यासोबत मानेकडं ओढत नेतात. दीड-दोन महिन्यांत सगळा गाळ बुचाशी जमतो. मग बूच काढलं की वायूच्या दाबानं तो बाहेर उडतो. कमी झालेली वाइन भरून काढायची आणि नवं बूच ठोकायचं.

काही वर्षं ही युक्ती घरातच राहिली, मग साऱ्या शॅम्पेन प्रांतात पसरली. कसलेला कारागीर दिवसाला चाळीस हजार बाटल्या हातानं फिरवतो. शॅम्पेनची ही रीत आपल्याकडंही आली: नारायणगावला १९८० च्या दशकात भारतीय फसफसती वाइन तयार होऊ लागली, तीही बाटलीतच आंबवून.

१८६६ मध्ये बार्ब-निकोल गेली, तेव्हा व्यवसाय आधीपासूनच भागीदार एदुआर वेर्ले यांच्या हाती होता. आता बहुतेक ठिकाणी शेकडो बाटल्यांचा पिंजरा यंत्र फिरवतं आणि काम आठवड्याभरात उरकतं. काही निवडक बाटल्यांसाठी मात्र तिरक्या भोकांच्या फळ्या अजून वापरात आहेत.