बंदिश म्हणजे नेमकी कोणती रचना?

संगणकीय माहितीकोशात संगीतरचनेची नोंद करायची, तर रचना म्हणजे काय हे आधी निश्चित करावे लागते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात लिखित स्वरलिपी हा रचनेचा आधार असतो. प्रत्येक वादन हा तिचा आविष्कार ठरतो. म्हणूनच 'म्युझिकब्रेन्झ' या मुक्त माहितीकोशात 'कृती' आणि 'ध्वनिमुद्रण' यांच्या नोंदी स्वतंत्र असतात. ख्यालगायनात मात्र बंदिश चार-सहा ओळींचीच असते. उरलेला विस्तार गायक मैफलीतच घडवतो.

हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. मुंबईचे विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील होते. निरनिराळ्या घराण्यांतील बंदिशी मिळवून त्यांनी त्या स्वरलिपीबद्ध केल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत राग-तालांसह छापल्या. एकच बंदिश घराण्यागणिक शब्द आणि स्वर बदलून गायली जाते. छापील पानावर मात्र तिचा एक पाठ स्थिरावला. शिकणाऱ्यांना बंदिशींची दारे उघडली, पण इतर पाठ त्या पानाबाहेर राहिले.

दुसरा पेच मराठी रंगभूमीचा. १९१६ च्या 'संगीत स्वयंवर' नाटकात भास्करबुवा बखले यांनी खाडिलकरांच्या पदांना अनेक ठिकाणी प्रचलित बंदिशींच्या चाली दिल्या. चाल जुनी, शब्द नवे. मग रचना कोणती म्हणावी? विदा-प्रारूपात याचे उत्तर असे देता येते: कृती दोन मानाव्यात आणि त्यांच्यात 'वर आधारित' असा संबंध नोंदवावा.

२०११ मध्ये बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली 'कॉम्पम्युझिक' प्रकल्प सुरू झाला. मुंबई आणि मद्रास येथील आयआयटींतील संशोधकांचा त्यात सहभाग होता. हिंदुस्थानी संगीताच्या नोंदींत राग, ताल आणि लय यांना तेथे स्वतंत्र स्थान मिळाले. ते आवश्यकच होते: एकाच ध्वनिमुद्रणात विलंबित एकतालातील बडा ख्याल आणि द्रुत त्रितालातील छोटा ख्याल असू शकतो, म्हणजे राग एक, पण बंदिशी आणि ताल दोन.

रचनाकाराचा रकाना सर्वांत नाजूक. तेथे सरसकट 'पारंपरिक' लिहिले, तर श्रेय पुसले जाते. कारण पुष्कळ बंदिशींच्या शब्दांतच रचनाकाराची मुद्रा असते. 'सदारंग' म्हणजे न्यामतखाँ, 'प्रेमपिया' म्हणजे फैयाजखाँ, 'गुणिदास' म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. मात्र मुद्रा दुसऱ्यानेही घातलेली असू शकते. म्हणून मुद्रा आणि रचनाकार हे दोन रकाने वेगळे ठेवावेत, आणि प्रत्येक पाठासोबत तो कोणाकडून मिळाला हेही नोंदवावे.