फिशिंग हट

फिशिंग हट म्हणजे हौसेखातर गळाने मासे धरणाऱ्यांसाठी नदी, ओढा किंवा तळ्याच्या काठी बांधलेली साधी झोपडी अथवा एकखणी खोली होय. हा प्रकार प्रामुख्याने इंग्लंड व स्कॉटलंडच्या ग्रामीण भागात आढळतो. कोकणात ज्याला 'गरवणे' म्हणतात तीच ही गळ व दोरीची मासेमारी. परंतु येथे तिचा हेतू उपजीविका हा नसून छंद हा असतो आणि धरलेला मासा पुष्कळदा जिवंत सोडून दिला जातो. त्यामुळे कोळ्यांच्या खोपीशी या झोपडीचे साम्य केवळ वरवरचे आहे. येथे जाळी विणली जात नाहीत की मासळी सुकवली जात नाही. येथील मुख्य काम म्हणजे वाट पाहणे.

स्वरूप व उपयोग

दक्षिण इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातील टेस्ट व इचेन या नद्यांवर या झोपड्यांचे सर्वांत परिचित रूप दिसते. खडूच्या खडकात मुरलेल्या पाण्याच्या झऱ्यांवर या नद्या पोसल्या जात असल्याने त्यांचे पाणी नितळ असते. त्यातील ट्राउट मासा धरण्यासाठी आकड्याला पिसे व दोरा गुंडाळून कीटकाचा हुबेहूब देखावा तयार करतात आणि तो पाण्यावर तरंगत सोडतात. ही पद्धत काटेकोरपणे पाळणारा मनुष्य मासा पृष्ठभागावर येऊन कीटक टिपताना दिसल्याखेरीज गळ टाकत नाही. मासा वर येतो तो पाण्यातून कीटक बाहेर पडू लागल्यावर, आणि कीटकांची वेळ ऋतू व हवामान यांवर ठरते. मधल्या रिकाम्या तासांत आणि पावसाच्या सरींत बसायला जागा हवी, म्हणून ही झोपडी.

बांधणी लाकडी फळ्यांची असून छप्पर पुष्कळदा गवताने किंवा बोरूने शाकारलेले असते. वळचणीखाली बाहेरच्या भिंतीवर खुंट्यांची रांग असते. जोडलेली लांब काठी न उलगडता तीवर आडवी ठेवता येते. आत बाकडे, मेज, कपडे वाळवण्यापुरती शेगडी, वजनकाटा आणि त्या दिवशी मिळालेल्या माशांची नोंदवही एवढाच सरंजाम. ही नोंदवही दिसायला क्षुल्लक असली तरी नदीत मासे वाढले की घटले हे पुढे तिच्यावरूनच कळते.

इतिहास

ज्ञात उदाहरणांपैकी सर्वांत प्रसिद्ध वास्तू डव्ह नदीच्या काठी बेरेसफर्ड डेल येथे आहे. कवी चार्ल्स कॉटन याने ती १६७४ मध्ये बांधली. आयझॅक वॉल्टन हा त्याचा ज्येष्ठ मित्र तेव्हा ऐंशी वर्षांचा झाला होता. त्याचा 'द कम्प्लीट अँग्लर' हा ग्रंथ १६५३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. दगडी चौकोनी खोलीच्या दारावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली असून 'मासे धरणाऱ्यांस समर्पित' अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे. कॉटनचा वाडा पुढे पाडला गेला, ही लहानशी खोली मात्र टिकली.

श्रीमंतांनी या कल्पनेला वेगळेच वळण दिले. डर्बीशायरमधील केडल्स्टन येथे १७७० च्या सुमारास रॉबर्ट ॲडम या वास्तुविशारदाने बांधलेल्या मंडपात खाली थंड पाण्याचे स्नानकुंड व होड्यांची जागा आणि वर बैठकीची खोली आहे. खिडकीतून गळ टाकण्याची तेथे सोय होती. त्याला झोपडी म्हणणे धाडसाचेच ठरेल.

एडवर्ड ग्रे याने १८९० मध्ये इचेन नदीजवळ उभारलेले छोटे घर याच्या उलट टोकाचे होते. पुढे १९०५ ते १९१६ या काळात ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री असलेला हा गृहस्थ आठवड्याअखेरीस लंडन सोडून तेथे येत असे. हे घर १९२३ मध्ये जळाले.

हक्काचा प्रश्न

झोपडी कोणाला बांधता येते, हे पाणी कोणाचे यावर ठरते. भरती-ओहोटीच्या टप्प्यापलीकडील इंग्लिश नद्यांत मासेमारीचा हक्क सामान्यतः काठाच्या जमीनमालकाचा असतो. तो स्वतंत्रपणे विकता किंवा भाड्याने देताही येतो. नदीचे त्यानुसार 'बीट' नावाचे टप्पे पडतात आणि टप्प्यागणिक झोपडी उभी राहते. स्टॉकब्रिज येथे १८२२ मध्ये स्थापन झालेला हॉटन क्लब आजही टेस्ट नदीचा मोठा पट्टा मोजक्या सभासदांसाठी राखून आहे. स्कॉटलंडमधील सॅमन माशाच्या नद्यांवरही हीच व्यवस्था असून तेथे 'गिली' म्हणजे वाटाड्या सोबतीला असतो. तेथे रविवारी गळाने सॅमन धरण्यास कायद्याने मनाई आहे.

ज्यांच्याकडे असा हक्क नव्हता त्या कारखान्यांतील व खाणींतील कामगारांनी कालवे आणि तळी गाठली. ती मंडळी संघ काढून पाणी भाड्याने घेत, पण पक्के बांधकाम क्वचितच त्यांच्या आवाक्यात असे. त्यांचा निवारा म्हणजे मोठी हिरवी छत्री. तिला बाजूंनी कापड लावता लावता घुमटाकार, सहज उचलून नेता येणारा तंबू तयार झाला. त्याला 'बिव्ही' म्हणतात. कार्प माशासाठी रात्रंदिवस तळ ठोकणाऱ्यांत तो विशेष रुळला. रिचर्ड वॉकर याने १९५२ मध्ये रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला. दोरी ओढली जाताच वाजणारी विजेची घंटाही त्यानेच तयार केली होती. पुढे अशा घंटांचा प्रसार झाल्यावर काठीकडे डोळे लावून बसण्याची गरज उरली नाही आणि निवाऱ्यात झोपणे शक्य झाले. या प्रगतीला मासेमारी म्हणावे की शेतावरची राखण, यावर जुन्या वळणाचे लोक अजून वाद घालतात.

भारतातील उदाहरण

ब्रिटिश अमदानीत नीलगिरीच्या पठारावरील ओढ्यांत ट्राउट सोडण्यात आले आणि त्यापाठोपाठ निवारेही आले. मुकुर्ती परिसरातील एक ठिकाण अद्याप 'फिशिंग हट' याच नावाने ओळखले जाते. हा भाग आता राष्ट्रीय उद्यानात मोडत असल्याने तेथे जाण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते.