बसूनवाला मास्तर आणि माकणीची सनई

मागच्या लगीनसराईत चुलतभावाच्या लग्नाला माकणीला गेलो होतो. माकणी म्हणजे धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातलं आमचं गाव. निम्न तेरणा धरणामुळे कदाचित नाव ऐकलं असेल. मांडवात डीजे होताच, पण आज्जीच्या हट्टापायी सनईवालेही बोलावले होते. त्यातल्या एका मामांच्या सनईला दोऱ्यानं चार-पाच जादा पत्त्या बांधलेल्या दिसल्या. मी विचारलं, तर म्हणाले, "सगळा सूर ह्या पत्तीत हाय. बाकी नुस्तं लाकूड."

"पोराला शिकवलं का?"

"पोरगं पुण्यात कंपनीत हाय. आन् शिकून करावं काय? लगीनसराई चार म्हयने. बाकीचं वरीस?"

आता गंमत बघा. पुण्याला परत येताना हेडफोनवर मोझार्टचा बसून कन्चेर्टो ऐकत होतो. बसून हे वाद्याचं नाव आहे, हसू नका. (आणि हो, ऑर्केस्ट्रात ते बसूनच वाजवतात!) मिकी माउसची ती झाडू घेऊन पाणी भरणारी गोष्ट आठवते? १९४० च्या 'फँटेशिया'मधली? त्यात झाडू चालायला लागतो तेव्हा जो जाडाभरडा, मिश्किल आवाज येतो, तो बसूनचा. लाकडाची नळी दुमडून केलेली असते. सरळ केली तर आठ फुटांच्या वर भरेल. पण तोंडाशी काय असतं? वेताची दुहेरी पत्ती. म्हणजे मामांच्या सनईचीच चुलतबहीण. बसूनवालेही पत्ती स्वतः तासतात, आणि आयुष्यभर तिच्या नावानं बोटं मोडतात.

मी ऐकत होतो ते ध्वनिमुद्रण १९४७ चं. संचालक तोस्कानिनी, बसूनवर लेनर्ड शॅरो. या शॅरोची कारकीर्द वाचली आणि मामांचा प्रश्न पुन्हा आठवला.

शॅरोचा जन्म १९१५ चा, न्यूयॉर्कमधला. १९३७ मध्ये एनबीसी रेडिओनं तोस्कानिनीसाठी खास ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यात हा बाविशीतला पोरगा होता. १९५१ मध्ये तो शिकागो सिम्फनीत मुख्य बसूनवादक झाला. तिथे फ्रिट्झ रायनरसारखा कडक संचालक. अशी खुर्ची मिळाली की माणूस निवृत्त होईपर्यंत सोडत नाही. यानं १९६४ मध्ये सोडली आणि इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेला. तेरा वर्षं शिकवलं. १९७७ मध्ये, साठी उलटल्यावर, पिट्सबर्ग सिम्फनीत पुन्हा वाजवायला बसला, तो १९८७ पर्यंत. २००४ मध्ये वारला.

आपल्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर यानं नोकरीच्या ऐन भरात केटी दिली. आपण केटी कधी देतो? राजीनामा टाकल्यावर, शेवटच्या आठवड्यात, तीही रडतखडत. पण शॅरो थोर होता एवढंच म्हणून थांबलं तर चुकेल. त्याला ते परवडलं, हा खरा मुद्दा आहे. तिथे ऑर्केस्ट्रात पगार होता, विद्यापीठात पगार होता, आणि पत्ती तासण्यापासून सगळं शिकायला विद्यार्थी येत होते. बसून शिकायला बसूनवाल्याच्या घरात जन्म घ्यावा लागत नव्हता.

आपल्याकडे? गाणं घराण्यांतून बाहेर काढायचं काम विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून केलं. मुंबई विद्यापीठाचं संगीत केंद्र १९६८ चं, त्याचे पहिले संचालक डॉ. अशोक रानडे. गाण्याचे, तबल्याचे, पेटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. सनईचा वर्ग तुमच्या गल्लीत कधी पाहिलाय? सनई ठरावीक समाजांकडेच राहिली. तिच्याशिवाय लग्न लागायचं नाही, पण वाजवणारा पंगतीत शेवटी. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी तिला मैफलीत नेलं, २००१ मध्ये भारतरत्न मिळवलं, पण त्यानं माकणीच्या मामांचे उरलेले आठ महिने भरून निघत नाहीत.

आमच्या जिल्ह्याला लागूनच सोलापूर. तिथलं जाधव घराणं 'सुंदरी' वाजवतं. ही सनईपेक्षाही लहान. सिद्राम जाधव हे त्यातलं मोठं नाव. एका घराण्यानं एक वाद्य जपलं याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण इंजिनिअर म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. सगळा कोड एकाच घरात, आणि बॅकअप? पुढची पिढी कंपनीत गेली, की संपलं. तिला दोष कसा द्यायचा? मीही कंपनीतच आहे की.

असो. परवा मामांना फोन केला. म्हटलं, दिवाळीत येतो, दोन दिवस तुमच्याजवळ बसतो, पत्ती कशी करता ते मोबाइलवर चित्रित करतो. मामा म्हणाले, "या की. पण इंजिनेर मानसा, तुमी ते करून काय करनार?"

अजून उत्तर देता आलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. चला, उद्या सोमवार.