शंभर मैलांची सायकल आणि सदक्याचा हिशेब

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला. "मामू, ऑगस्टमध्ये लेडव्हिलची सायकल शर्यत करतोय. शंभर मैल, सगळी डोंगरातून. मदतनिधीच्या कोट्यातून जागा मिळालीय, त्यासाठी पैसे जमवायचेत. तुम्ही किती देणार?"

मी जरा चिडूनच म्हणालो, "गरजूला द्यायचे तर सरळ द्यावेत. मध्ये सायकल कशाला?"

तो म्हणाला, "आधी त्या गावाचा इतिहास वाचा, मग बोलू."

वाचला, आणि माझा प्रश्न वाटला तितका सोपा नाही हे कळले.

लेडव्हिल हे कोलोराडोतले सुमारे 3,100 मीटर उंचीवरचे खाणकामगारांचे गाव. एकोणिसाव्या शतकात चांदीने त्याला श्रीमंत केले. पुढे जवळच्या क्लायमॅक्स खाणीतल्या मॉलिब्डेनमने पोसले. पोलाद कणखर करणारा हा धातू. सायकलवाले ज्याला 'क्रोमोली' म्हणतात, त्या पोलादी सांगाड्यात तोच असतो. 1982 मध्ये भाव पडले, खाण बंद झाली आणि सुमारे तीन हजार लोकांचे काम गेले. आपल्याकडे त्याच वर्षी गिरणी संप सुरू झाला होता. पगार थांबला की घरात काय होते, हे मुंबईच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

काम गेलेल्यांत केन क्लाउबर नावाचा एक खाणकामगार होता. गावाला काय विकता येईल? उरले होते ते डोंगर आणि विरळ हवा. त्याने 1983 मध्ये मेरिली मॉपिन यांच्या साथीने शंभर मैल धावण्याची शर्यत सुरू केली. हिशेब साधा होता. एवढे अंतर एका दिवसात उरकत नाही. पाहुण्याला रात्री मुक्काम करावा लागेल, जेवावे लागेल, चार पैसे गावात पडतील. पहिल्या वर्षी जेमतेम 45 जण आले.

सायकलची शर्यत 1994 मध्ये सुरू झाली. पहाटेच्या थंडीत गावातून निघायचे, खडकाळ वाटांनी कोलंबाइन खाणीपर्यंत, म्हणजे 3,700 मीटरच्याही वर चढायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. तिथे हवेत दम पुरत नाही, कित्येक जण सायकल ढकलत चालतात. बारा तासांच्या आत पोहोचणाऱ्याला बक्षीस म्हणून कमरपट्ट्याचे बक्कल मिळते. आज या शर्यतींच्या नावाने चालणारी संस्था तिथल्या मुलांच्या पुढच्या शिक्षणाला हातभार लावते.

हे वाचताना मला अबू दाऊदमधली ती हदीस आठवली. एक अन्सारी माणूस मागायला आला. प्रेषितांनी (स.) विचारले, घरात काय आहे? एक जाड कापड आणि एक पेला. दोन दिरहमांना ते विकले गेले. एका दिरहमचे घरात अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. दांडा प्रेषितांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि त्याला लाकडे तोडायला पाठवले. लेडव्हिलनेही आपले कापड आणि पेला बाजारात मांडला. भीक मागितली नाही.

पण गोष्ट इतकी सरळ राहत नाही. 2008 मध्ये लान्स आर्मस्ट्राँग या शर्यतीत उतरला. सलग सहावी शर्यत जिंकणाऱ्या 44 वर्षांच्या डेव्ह वीन्सने त्याला मागे टाकले. 2009 मध्ये आर्मस्ट्राँग जिंकला आणि शर्यतीचे नाव सर्वदूर झाले. कर्करुग्णांसाठी त्याच्या संस्थेने प्रचंड निधी उभारला होता. 2012 मध्ये त्याची उत्तेजक द्रव्यांची लबाडी उघड झाली आणि टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे गेली. मग त्या पैशाने ज्या रुग्णांना आधार मिळाला, तो खोटा म्हणायचा का? मला तसे म्हणवत नाही. नियतीचा हिशेब अल्लाहकडे, पैशाचा हिशेब मात्र आपण मागायलाच हवा. शिवाय 2010 मध्ये शर्यत एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. बेकारांनी सुरू केलेली गोष्ट व्यवसाय झाली, तर गावाच्या वाट्याला किती येते, हे विचारणे गैर नाही.

ईदनंतर मी भाच्याला फोन केला. पैसे कुणाकडे जातात आणि जमाखर्च कुठे पाहायला मिळतो, हे विचारले. त्याने दोन्ही पाठवले. मी सांगितले, "जकातीतून देणार नाही. तिचे आठ हक्कदार कुरआनने ठरवून दिलेत, त्यात तुझी शर्यत बसत नाही. सदक्यातून देतो."

"चालेल, मामू. आणि मी बारा तासांत नाही पोहोचलो तर?"

"सदका तुझ्या बक्कलवर अवलंबून नाही," मी म्हणालो. "पण उतारावर ब्रेक सांभाळ. तुझी अम्मी मला विचारेल."